मर्ज म्हणजे काय, बाई?

१८ डिसेंबर, बुधवार

सखू पोरांना खिचडी वाढत होती तेव्हा फोन वाजला. केंद्रप्रमुख संदेश सरांनी ग्रुपवर एक तक्ता टाकला होता. कमी पटाच्या शाळांनी भरून द्यायचा. शाळेचं नाव, मुलं किती, शिक्षक किती, सगळं मराठीत. शेवटच्या रकान्यावर मात्र इंग्रजी शब्द, मर्ज. त्यापुढे होय किंवा नाही. पालकांच्या समितीशी बोलून जानेवारीत कळवा, असं खाली लिहिलेलं.

हे कधीतरी येणार हे माहीत होतं. आमच्या वाडीच्या शाळेत मुलं चार. तिसरीत संस्कृती, दुसरीत समर्थ, पहिलीत त्याचा भाऊ हर्षद आणि आरोही. शिकवायला मी एकटी. खाली खाडीकडे, पूर्णगडच्या वाटेवर केंद्रशाळा आहे, तिथे पोरांची जत्रा. मधे सड्याचं उघडं कातळ आणि पावसात फुगणारा वहाळाचा ओढा.

"काय झाला वो बाई? कुणाचा काय वाईट कळला काय?" सखूनं विचारलं.

"काही नाही गं. कागद भरायचेत."

शाळा सुटल्यावर नेहमीप्रमाणे संस्कृतीला जादा अभ्यासाला बसवून घेतलं. बाकीची पोरं घंटा होताच पळतात. ही बसते. दाराकडे तोंड करून, वाटेकडे बघत बघत वजाबाक्या करते. तिला माझ्याशिवाय करमत नाही.

१९ डिसेंबर, गुरुवार

तक्ता मी काल समितीचे अध्यक्ष म्हणून धोंडूकाकांना पाठवला होता. धोंडूकाका म्हणजे संस्कृतीचे आजोबा. त्यामुळे सकाळी प्रार्थना होते न होते तोच तिचा प्रश्न तयार.

"बाई, मर्ज म्हणजे काय? आजा म्हणतो, मर्ज म्हणजे आजार. बंदरावर तसं म्हणतात."

मला हसू आलं. म्हटलं, तो मर्ज वेगळा, तो उर्दूतला. हा इंग्रजीतला. एकत्र करणे, जोडणे.

"म्हणजे खालच्या शाळेतली पोरं इकडं येणार?" तिचे डोळे एवढाले झाले.

"इकडे नाही. झालंच तर आपण तिकडे."

ती पट्टीच्या टोकानं बाक कुरतडत बसली. मग म्हणाली, "कधी?" घाबरली बिचारी. मी तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हटलं, "काळजी करू नको. मी होऊ देणार नाही." तिनं माझ्याकडे नुसतं पाहिलं.

मधल्या सुट्टीत समर्थ आणि हर्षद गोट्या खेळत होते. आरोही सखूच्या पदराला. संस्कृती वर्गात एकटीच. मी पाण्याला म्हणून गेले तर ही रिकाम्या बाकांसमोर उभी राहून हजेरी घेत होती. "दिव्या. हजर. मानसी. हजर. फातिमा. फातिमा का नाही आली?" मी दाराआड उभी राहून ऐकलं. मोठी होऊन शिक्षिकाच होणार ही. मला फार बरं वाटलं.

२२ डिसेंबर, रविवार

रविवार इथे लांब असतो. कपडे झाले, केस धुवून झाले, तरी दहाच वाजले होते. मग ह्यांचा शब्दकोश काढला.

हे कोयना प्रकल्पात कारकून होते. अलोऱ्याच्या कॉलनीतलं वाचनालय बंद झालं तेव्हा कपाटातली पुस्तकं वाटून टाकली. लोकांनी कादंबऱ्या नेल्या, ह्यांनी हा इंग्रजी व्युत्पत्तिकोश उचलून आणला. रोज संध्याकाळी चहाबरोबर एक शब्द. मी कणीक मळत असायची आणि हे स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून, हा शब्द कुठून निघाला, कुठून कुठे गेला, सांगत असायचे. मी अर्धं ऐकायची. ते गेल्यावर मी घराला कुलूप लावून इकडे कायमची राहायला आले तेव्हा भांड्यांच्या पोत्यात कोशही आला.

तर मर्ज. मूळ लॅटिन. अर्थ बुडवणे. पाण्याखाली ढकलणे. इंग्रजीत आला तेव्हाही प्रथम बुडण्याच्याच अर्थानं. नंतर कायद्याच्या भाषेत गेला: लहान हक्क मोठ्या हक्कात जिरून नाहीसा होणे. एकत्र येणे हा अर्थ पार अलीकडचा.

मी पुस्तक मिटलं. बघा. जोडणे म्हणून सांगतात आणि पोटात अर्थ बुडवण्याचा. खाडीला वहाळ मिळतो, तेव्हा खाडीचं नाव बदलतं का? नाव जातं ते वहाळाचं.

हे असते तर म्हणाले असते, पुढे वाच. ह्यांना एका अर्थावर कधी थांबता आलं नाही. पण मला हवं ते सापडलं होतं.

३ जानेवारी, शुक्रवार

सावित्रीबाईंची जयंती. आरोहीला साडी नेसवली, ती तिच्या पायात येत होती. भाषण संस्कृतीनं केलं. श्रोते म्हणजे बाकीची तीन पोरं, सखू आणि मी.

संध्याकाळी पुण्याहून प्रथमेशचा फोन. "आई, ती शाळा बंद होतेय तर बरंच आहे की. रजा टाक, ये इकडे." म्हटलं, माझी मुलं आहेत इथे. तो म्हणाला, "हो, ते आहेच." मग नातवाला फोन दिला. त्यानं मला एक इंग्रजी कविता म्हणून दाखवली, ती पूर्ण व्हायच्या आत फोन कट झाला. परत आला नाही. रेंज गेली असेल.

१० जानेवारी, शुक्रवार

परवा सभा. काय बोलायचं ते मनात घोळवतेय.

एक गोष्ट इथे लिहून ठेवते, बाहेर कुठे बोलणार नाही. मी हे मुलांसाठी करतेय की माझ्यासाठी? आज तांदूळ निवडताना हा प्रश्न अचानक आला. मी इथे बदली होऊन आले तेव्हा वाडीत मला खोली मिळेना. कारण कोणी तोंडानं बोललं नाही. आमच्या आडनावावरून त्यांना कळलं होतं आणि त्यांच्या गप्प बसण्यावरून मला. कितीतरी महिने पूर्णगडहून सडा तुडवत येत होते. मग एका पावसाळ्यात धोंडूकाकांच्या बायकोनं, ती आता नाही, स्वतःहून मागची खोली उघडून दिली. आता दर्शना, त्यांची सून, संस्कृतीची आई, दिवेलागणीला माझ्या खिडकीत वाटीभर कालवण ठेवते आणि रिकामी वाटी सकाळी घेऊन जाते. ही जागा मला कोणी दिलेली नाही, मी मिळवलेली आहे.

पण प्रश्न मुलांचा आहे. वहाळावरचा साकव, तो लहानसा पूल, मोडून दोन पावसाळे झाले. पावसात ही एवढीशी पोरं पलीकडे जाणार कशी? एवढं कारण पुरेसं आहे. माझा त्यात काही संबंध नाही.

१२ जानेवारी, रविवार

जिंकलो!

देवळासमोर सभा झाली. बायकाच जास्त. बापे मुंबईत, त्यामुळे उरलेले म्हातारे आणि दोघं-तिघं आंब्याच्या फवारणीला थांबलेले. मी आधी साकवाचं सांगितलं. मग म्हटलं, आता तुम्हाला ह्या शब्दाचा अर्थ सांगते. धोंडूकाकांना वाटलं होतं मर्ज म्हणजे आजार. काका, तुमचं फारसं चुकलं नव्हतं. सगळे हसले. मग मी सांगितलं, मर्ज म्हणजे मुळात बुडवणे. आपली शाळा बुडवायला आपली सही हवीय त्यांना.

 मागून सखू म्हणाली, "आगो बाय माझे!"

दर्शना उभी राहिली होती. "बाई, मी काय म्हणत होते, पोरांना खेळाबिळायला..." एवढं ती बोलली, पण तेवढ्यात टाळ्या पडल्या. धोंडूकाकांनी सगळ्यांकडे एकदा पाहिलं, मग माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं, आणि म्हणाले, "बाईंचा शब्द तो आपला शब्द. कोणाची ना हाय काय?" हात वर झाले. दर्शनानंही केला, सगळ्यात शेवटी. खेळाच्या साहित्याचं म्हणत असावी. दोन चेंडू मागवून घेते.

आज खूप दिवसांनी भूक लागली. कोलंबीचं कालवण दोनदा वाढून घेतलं.

१५ जानेवारी, बुधवार

रकान्यात नाही लिहून पाठवलं. संदेश सरांचा लगेच फोन. "मॅडम, पालकांचंच मत आहे ना हे?" म्हटलं, ठराव एकमतानं झालाय. "तसं असेल तर मी वर कळवतो. माझी जबरदस्ती नाही." माणूस चांगला आहे. पण त्यांना वाडीतलं काय कळणार.

२६ जानेवारी, रविवार

प्रभातफेरी काढली. पुढे झेंडा घेऊन समर्थ, मागे तिघं. घोषणा द्यायला मी, प्रतिसाद द्यायला चौघं. बंद घरांपुढून गेलो. संस्कृती मधेच थांबून म्हणाली, "बाई, आपण खालच्या शाळेच्या फेरीत जाऊन मिळूया? त्यांची आता वडापर्यंत आली असेल." म्हटलं, आपला झेंडा आपण आपल्या वाडीत न्यायचा.

नवे चेंडू आणलेत. एक कौलांवर गेला.

११ फेब्रुवारी, मंगळवार

आजचं सगळं लिहून काढते.

मधल्या सुट्टीनंतर संस्कृती वर्गात नव्हती. वाटलं, घरी गेली असेल पाणी प्यायला. हर्षदला पाठवलं, तो परत आला, घरी नाही. दर्शना काजूच्या बागेत गेलेली. धोंडूकाका घरात झोपलेले, त्यांना उठवलं. मी आधी विहिरीकडे धावले. वाकून बघितलं. पाण्यात फक्त आभाळ होतं. मग गोठे, देवळामागची राई, सगळीकडे हाका. सखूला पोरांपाशी बसवून मी सड्यावर चढले.

दुपारचा सडा म्हणजे तापलेला तवा. सावलीला झाड नाही. वहाळ कोरडा होता, मोडक्या साकवाच्या खालून दगडांवरून उतरले, तिथे मऊ वाळूत लहान चपलेचा ठसा दिसला. खाडीच्या दिशेनं. मी काय काय मनात आणलं ते इथे लिहिणार नाही. धावत होते, थांबत होते, पुन्हा धावत होते. पंचावन्न वर्षांच्या बाईला शोभणार नाही अशी मोठमोठ्यानं तिच्या नावानं ओरडत होते.

केंद्रशाळेच्या मैदानाचा आवाज सड्याच्या टोकावरूनच ऐकू आला. खेळाचा तास असावा. पन्नासेक पोरी लंगडी खेळत होत्या आणि मधोमध, एका पायावर, आमची संस्कृती. तोंड लाल, वेणी सुटलेली. "ए दिव्या, पळ!" कोणीतरी ओरडलं. "मानसी, तुझ्या मागं!" मला ती नावं कुठे ऐकली ते आठवायला वेळ लागला. आठवलं तेव्हा मी कुंपणाला धरून उभी राहिले. दिव्या, मानसी आणि पलीकडे डोक्याला रुमाल बांधलेली ती फातिमाच असणार. हजेरीतल्या मुली होत्या त्या. खऱ्याच होत्या.

मी कुंपणापाशी उभी होते, तिच्यापासून हाकेच्या अंतरावर. ती खेळात इतकी मग्न होती की तिनं मला पाहिलंच नाही. मी हाक मारली नाही. का, ते मला सांगता येत नाही. नुसती बघत राहिले. ही मुलगी माझ्या वर्गात कधी इतक्या जोरात हसलेली मी ऐकलेली नाही.

तिथल्या बाई बाहेर आल्या. "तुमची का ही? अहो, ही शनिवारी येते ना आईबरोबर बाजाराला, तेव्हा पोरींत खेळते. आज मधल्याच वारी कशी, म्हणून मी विचारणारच होते."

आम्ही परत निघालो. वहाळापाशी ती म्हणाली, "बाई, मारणार?"

"नाही."

"घरी सांगणार?"

"आज का गेलीस?"

तिनं चपलेनं वाळू उकरली. "आज त्यांची मॅच होती. एक जण कमी होती त्यांना. शनिवारीच ठरलं होतं." मग थोड्या वेळानं, "आपल्यात मॅच होतच नाय ना."

दर्शना वाटेतच भेटली, धावत येत होती. आधी पोरीच्या पाठीत एक धपाटा घातला, मग तिला पोटाशी धरलं आणि मग माझ्याकडे बघून रडायला लागली. "शनिवारी मीच नेते तिला, बाई. तुमाला वाईट वाटंल म्हणून नाय सांगितला."

१२ फेब्रुवारी, बुधवार

सकाळी शाळेआधी धोंडूकाकांच्या ओटीवर गेले. ते दोरी वळत होते. मी सरळ विचारलं, "काका, तुम्हाला सगळ्यांना शाळा इथेच हवी होती ना?"

ते वळत राहिले. मग म्हणाले, "आता इचारलाव म्हणून सांगतो. पोरांच्या बापांना खालचीच शाला हवी व्हती. आमचा लवू मुंबैवरून फोन करतो तेवा तेच बोलतो, पोरगी एकटी पडली म्हणून. सभेच्या आदल्या राती आमी सगली बसलो व्हतो इथंच."

"मग हात का वर केलेत?"

"तुमी जाल कुठं?" दोरी त्यांनी बाजूला ठेवली. "तुमचं माणूस गेला. पोरगा तिकडं. त्या शालेबिगर तुमाला हाय काय? आमची ही जाताना बोलली व्हती, बाईंना सांभाला. एक वरीस पोरांनी कळ काढली तर काय बिघडतंय, असा ठरवला."

 त्यांनी दर्शनाला चहा टाकायला सांगितला. तो चहा मी कसा प्यायले ते आठवत नाही.

मी समजत होते की मी वाडीला वाचवतेय. आणि वाडी मला सांभाळत होती, म्हातारं माणूस घरात असावं तशी. स्वतःच्या पोरांच्या खेळण्यातून काढून मला देत होती.

संध्याकाळी कोश पुन्हा उघडला. त्या दिवशी मिटला होता तिथून पुढे वाचलं. मर्ज ज्या धातूपासून आला तोच आपल्या संस्कृतातला मज्ज्. बुडणे, बुडी मारणे. त्याचंच मग्न झालं. म्हणजे आपण गाण्यात मग्न, वाचनात मग्न म्हणतो ते आणि हे मर्ज, दोघं एकाच घरचे. जुन्या संस्कृतात पाण्यात बुडी मारणाऱ्या एका पक्ष्यालाही त्याच धातूवरून नाव आहे. तो पक्षी बुडतो तो काही मरायला नाही.

म्हणजे मी सभेत खोटं बोलले नव्हते. अर्धं बोलले होते. अर्धं वाचून थांबले होते, कारण तेवढ्यानं माझं काम भागत होतं. आणि दुसरं अर्धं काल दुपारी कुंपणाबाहेर उभं राहून पाहिलं, आणि तो मग्न शब्दही कालच माझ्याच हातून या वहीत लिहिला गेला.

ह्यांची आज फार आठवण झाली. सांगायला कोणी नाही.

१५ मार्च, शनिवार

शिमग्याला मुंबईकर आलेत. पालखी वाडीत आहे, रात्रंदिवस ढोल. अशा वेळी सभा कोण घेतं, पण सगळे बाप एकत्र सापडायचे ते आताच. धोंडूकाकांना सांगून सकाळी सहाणेपाशी, पालखीच्या चौथऱ्याजवळ, बसवलं सगळ्यांना. संदेश सरांनाही बोलावलं. ते मोटारसायकलवरून आले, गुलाल लागू नये म्हणून जुना शर्ट घालून.

मी उभी राहिले. म्हटलं, "जानेवारीत मी तुम्हाला एका शब्दाचा अर्थ सांगितला. तो अपुरा सांगितला. बुडवणे हा खरा, पण त्याच शब्दाच्या घरातून आपला मग्न आलाय. तेव्हा तुम्ही तो शब्द सोडा. पोरांकडे बघा. माझ्या शाळेत लंगडीचा डाव मांडता येत नाही. संस्कृती रिकाम्या बाकांची हजेरी घेते. मला ते दिसत होतं आणि मी समजत होते की ती शिक्षिका होणार."

 दर्शना खाली बघत होती.

"तुम्ही माझ्यासाठी हात वर केलेत. माझ्यासाठी आजवर कोणी असं केलं नव्हतं. पण हे मला घेता येणार नाही."

लवू, संस्कृतीचा बाप, उठला. मुंबईत तो एका छापखान्यात आहे. "बाई, मग साकवाचं? तुमीच बोललाव व्हतात. पावसात पोरं कशी जाणार?"

"ते अजून खरं आहे. साकव होईपर्यंत मी होय लिहिणार नाही."

"सरांनो, साकव सरकार बांधील?" कोणीतरी विचारलं.

संदेश सर म्हणाले, "अर्ज मी उद्याच देतो. पण जूनच्या आत होईल असं तोंडभरून सांगितलं तर ते खोटं ठरेल."

मग साकव आपणच बांधायचा का, यावर बराच कालवा झाला. मुंबईची माणसं एकमेकांच्या अंगावर बोलत होती, कोणी म्हणे रजा नाही, कोणी म्हणे वरची वाडी मदत देणार नाही, एकदा तर वाटलं आता मोडतंय सगळं. शेवटी लवू म्हणाला, "मी मे महिन्यात रजा टाकतो. ज्याला येयाचा तो येईल." आणि माझ्याकडे वळून जरा हळू आवाजात, "आणि तुमी?"

"मला कुठेतरी पाठवतील. नोकरी जात नाही."

तेवढ्यात पालखी उठली आणि सगळे तिकडे धावले. मी तिथेच बसून राहिले. जरा वेळानं सखू आली आणि माझ्या शेजारी बसली. "नाचताव काय?" म्हणाली. म्हटलं, "नको गं." ती पण नाही गेली.

११ मे, रविवार

साकव झाला. जांभ्याचे चिरे, वर लोखंडी पट्ट्या, दोन्ही बाजूंना कठडे. लवू आणि बाकीचे मिळून दहा-बाराजण उन्हात काम करत होते. वरच्या वाडीतले नाही नाही म्हणत शेवटी चिरे घेऊन आले. आम्ही बायकांनी भाकऱ्या आणि सुकटीची चटणी पोचवली. पहिल्यांदा कोण जाणार यावरून समर्थ आणि हर्षदचं भांडण झालं, आणि ते चालू असताना आरोही पलीकडे जाऊन उभी राहिली.

घरी येऊन संदेश सरांना कळवलं. होय.

१४ जून, शनिवार

आदेश आला. मला गुहागर तालुक्यात, हेदवीच्या अलीकडची शाळा. रिक्त जागा तिथेच होती म्हणे. खोली मिळालीय, संदेश सरांनी ओळखीनं बघून दिली. कोणी आडनाव विचारलं नाही, की विचारलं आणि मला सांगितलं नाही, कोण जाणे.

दर्शनानं कोकमं दिली, सखूनं तांदळाचे पापड. धोंडूकाका एसटीपर्यंत ट्रंक डोक्यावर घेऊन आले; मी नको नको म्हणत होते. गाडी येईपर्यंत आम्ही आंब्याच्या भावाबद्दल बोललो.

संस्कृती आली नव्हती. दर्शना म्हणाली, "दिव्याकडं गेली सकाळधरनं. बोलावू काय?" म्हटलं, नको, खेळू दे. आणि गाडीत बसल्यावर खिडकीतून तिच्या येण्याची वाट बघत होते. दोन्ही खरं आहे.

१६ जून, सोमवार

नवी शाळा. आठ खोल्या. माझ्याकडे तिसरी, चौतीस मुलं. दुपारपर्यंत घसा बसला. नावं लक्षात राहीनात. एका मुलीला मी संस्कृती म्हणून हाक मारली, ती म्हणाली, "मी नाही ती."

मधल्या सुट्टीत मी माझा डबा घेऊन वर्गातच बसले. खिडकीतून पाऊस बघत खाल्लं.

दर्शनानं फोटो पाठवलाय. साकवावर चौघं, छत्र्या घेऊन. कोणीच कॅमेऱ्याकडे बघत नाहीये.

२० जून, शुक्रवार

चार दिवस वर्गातच जेवले. मला तीच सवय. आज शेजारच्या वर्गाच्या बाई दारात येऊन उभ्या राहिल्या. जाडजूड, चष्म्याच्या, मोठ्यानं बोलणाऱ्या. "तांबे बाई, आमचा काही राग आहे का? डबा घेऊन या बघू इकडे."

गेले. पाच जणी, एक सर. वर्तमानपत्र पसरून मधे डबे उघडलेले. कोणाच्याही डब्यात कोणाचाही हात. मला कुठे बघावं कळेना. त्या सगळ्या एकदम बोलत होत्या, कोणाच्या सुनेबद्दल, कोणाच्या गुडघ्याबद्दल. मी सांगण्यासारखं काही शोधत होते आणि शोधून होईपर्यंत विषय बदललेला असायचा. माझी भेंडीची भाजी मात्र संपली.

उठताना त्या चष्म्याच्या बाईंनी विचारलं, "सोमवारी काय आणणार?"

माझ्या तोंडून गेलं, "आठळ्यांची भाजी."

का गेलं कोण जाणे. इथे माझ्याकडे फणसाच्या आठळ्या कुठल्या? वाडीत सखू राखेत घोळवून ठेवलेल्या मला आणून द्यायची. घरी येऊन डबे धुतले, चहा केला, खिडकीशी बसले. खालच्या घराच्या परड्यात एक फणसाचं झाड आहे. आल्यापासून रोज बघते. घरात कोण आहे माहीत नाही. एक म्हातारी आणि एक तरुण बाई येताना जाताना दिसतात. त्यांनी एकदा हात केला होता, मी नुसती मान हलवून वर आले होते.

पाऊस जरा थांबला तेव्हा पिशवी घेतली आणि उतरले. बेड्यापाशी, त्यांच्या फाटकाशी, बराच वेळ उभी राहिले. आत रेडिओ लागला होता, भांड्यांचा आवाज येत होता. काय म्हणून हाक मारायची तेही ठरेना. नाव माहीत नाही, नातं नाही.

मग मारली. "आहे का कोणी घरात?"

आतून आवाज आला, "आहोत की. या ना."